वाचकांचे प्रश्न: टेरी प्रॅचेट कुठून सुरू करू, आणि तो नुसता हसवतो का?

मागच्या अंकात टेरी प्रॅचेटबद्दल, म्हणजे 'डिस्कवर्ल्ड' ही काल्पनिक जगाची विनोदी कादंबरीमाला लिहिणाऱ्या इंग्लिश लेखकाबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यातली निम्मी पत्रं त्याच्यावरच आलीत. काही पक्क्या फॅन लोकांची, काही "हा कोण बाबा आणि आम्ही का वाचावं" अशी. त्यामुळे ऑडिओबुकचे आणि जुन्या दिवाळी अंकांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, आज सगळी जागा प्रॅचेटला. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं काढली आणि फक्त गावं ठेवलीत.

ताई, डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं आहेत म्हणे. मी पहिलं, 'द कलर ऑफ मॅजिक', आणलं आणि साठ पानांतच कंटाळलो. सिरीज आहे म्हणजे पहिल्यापासूनच वाचायला पाहिजे ना? की नाद सोडू? (इंजिनिअरिंग सेकंड इयर, नागपूर)

नाद सोडू नकोस, ते पुस्तक तेवढं बाजूला ठेव. १९८३ चं आहे ते, आणि त्यात प्रॅचेट त्या काळातल्या तलवारी-जादूगार छाप कादंबऱ्यांची टर उडवतोय, आता ज्यानं त्या कादंबऱ्या वाचल्याच नाहीत त्याला टर कुणाची चाललीय तेच कळत नाही, मग कंटाळा येणारच. प्रकाशकालाही फार भरवसा नसावा, पहिली आवृत्ती जेमतेम ५०६ प्रतींची होती. नव्वदच्या दशकात हाच माणूस ब्रिटनमधला सगळ्यात जास्त खपणारा लेखक होता, ते सगळं नंतरच्या पुस्तकांच्या जोरावर.

आणि क्रमानं वाचायची काही गरज नाही रे. डिस्कवर्ल्ड म्हणजे एक जग आहे, त्यात वेगवेगळी माणसं आपापल्या भानगडीत राहतात. पोलिसांची पुस्तकं वेगळी, चेटकिणींची वेगळी, मृत्यूची वेगळी (हो, मृत्यू हे पात्र आहे, हाडांचा सापळा, हातात विळा, पांढरा घोडा, आणि घोड्याचं नाव बिंकी).

माझा सल्ला, 'गार्ड्स! गार्ड्स!' घे, १९८९ चं. अँख-मॉरपॉर्क नावाचं एक घाण, गर्दीचं, हुशार शहर. तिथली रात्रपाळीची पोलीस चौकी म्हणजे मोजून चार माणसं, त्यातला कॅप्टन दारुडा. एक गुप्त मंडळी ड्रॅगन बोलावतात, म्हणजे मग त्याला मारून आपला राजा गादीवर बसवता येईल, पण ड्रॅगन स्वतःच राजा होऊन बसतो. आणि मग जे होतं ना ते मला अजून थरकाप उडवणारं वाटतं: लोकांना सवय होते. ड्रॅगनला महिन्याला एक मुलगी खायला द्यायची, यावर शहरातली मान्यवर मंडळी टेबलाभोवती बसून "बरं, यात काय ते बघू" अशा सुरात बोलायला लागतात. शेवटी चौकीतली माणसं शहर वाचवतात आणि त्यांना विचारलं जातं की बक्षीस काय पाहिजे, तेव्हा हे लोक मागतात महिना पाच डॉलरची पगारवाढ, चहाची नवी किटली, आणि डार्टबोर्ड मिळाला तर बघा. एवढंच. हे वाचून तू हसलास तर प्रॅचेट तुझा, नाही हसलास तर खुशाल दुसरं काहीतरी वाच.

त्यानंतर 'मॉर्ट' (मृत्यू एका पोराला शिकाऊ म्हणून कामाला ठेवतो), मग 'स्मॉल गॉड्स'. या 'स्मॉल गॉड्स'मध्ये एक बलाढ्य देव पृथ्वीवर अवतरतो तो कासव होऊनच अडकतो, कारण त्याची देवळं भली मोठी, पुजारी हजारो, फौज आहे, छळखाने आहेत, पण खरोखर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या राज्यात एकच उरलाय, बागेत काम करणारा एक भोळा पोरगा. बाकी सगळे देवस्थानावर विश्वास ठेवतात, देवावर नाही. हे पुस्तक आपल्याकडं किती लागू पडतं ते मी सांगत बसत नाही.

एक सूचना. त्याच्या बहुतेक पुस्तकांत चॅप्टर नाहीत, त्यामुळे "एवढा चॅप्टर संपवतो आणि झोपतो" हे जमणार नाही. परीक्षा झाल्यावरच सुरू कर.

विनोदी, आणि त्यातही परीकथा! अशा लेखनाला आपण एवढी जागा का देता? हे गृहस्थ उपजीविकेसाठी काय करत असत? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, त्यातच पहिल्याचं बरंचसं येतं.

जन्म २८ एप्रिल १९४८ चा, बकिंगहॅमशायरमधलं बीकन्सफील्ड. वडील मोटार मेकॅनिक, आई सेक्रेटरी, एकुलता एक मुलगा. शाळेत सहाव्या वर्षीच हेडमास्तरांनी ठरवून टाकलं की हे पोर पुढे काही परीक्षा-बिरीक्षा पास व्हायचं नाही. (तुम्ही शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगते, हा राग त्यानं आयुष्यभर सांभाळला.) शिक्षण खरं झालं ते गावातल्या सार्वजनिक वाचनालयात, तिथं तो शनिवारी मदतीला जायचा आणि हाताला लागेल ते वाचायचा. तेराव्या वर्षी शाळेच्या मासिकात गोष्ट छापून आली. १९६५ मध्ये सतराव्या वर्षी शाळा सोडून 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक पेपरात उमेदवारीला लागला, आणि तो सांगायचा की कामाला लागून तीन तास झाले नाहीत तोवर पहिलं प्रेत बघितलं. मग पुढची काही वर्षं कोर्ट, नगरपालिकेच्या बैठका, मयताच्या चौकश्या, फुलांची प्रदर्शनं, आणि त्याच पेपरात 'अंकल जिम' या नावानं मुलांसाठी गोष्टी.

त्यानंतर तो गेला सरकारी वीज मंडळात. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी जनरेटिंग बोर्डाचा प्रेस ऑफिसर, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या केंद्रांत अणुवीज केंद्रंही होती, वेळ कुठली तर अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात नुकताच होऊन गेलेला. म्हणजे रोज फोन उचलायचा आणि घाबरलेल्या पेपरवाल्यांना सांगायचं की काही झालेलं नाही, किंवा जे झालंय ते तेवढंच आहे. १९८७ पर्यंत ही नोकरी केली त्यानं. आणि रोज रात्री घरी येऊन ४०० शब्द. रोज म्हणजे रोज. एका रात्री कादंबरी संपली आणि चारशेतले शंभर शब्द शिल्लक होते, तर या माणसानं नवा कागद चढवून पुढच्या कादंबरीचे शंभर शब्द लिहिले आणि मग झोपला.

आता सांगा सर, हा परीकथा लिहिणारा वाटतो का? त्याच्या अँख-मॉरपॉर्कमध्ये चोरांची अधिकृत संघटना आहे. शहराचा हुकूमशहा व्हेटिनारी यानं हिशेब केला की चोऱ्या काही थांबत नाहीत, मग निदान त्यांना शिस्त लावू, म्हणून चोरांना वर्षाचा कोटा ठरवून दिला, आणि चोरी झाली की चोर तुम्हाला रीतसर पावती देतो, ती दाखवली की त्या काळापुरते तुम्ही सुटलात. विनापरवाना चोरी करणाऱ्याचा बंदोबस्त पोलीस नाही, चोरांची संघटनाच करते. हे ज्यानं नगरपालिकेच्या बैठका बसून ऐकल्यात आणि सरकारी मंडळाची प्रेसनोट स्वतः लिहिलीय त्यालाच सुचतं. जादूगार, बुटके, ड्रॅगन हे सगळं वरवरचं आहे हो, आतला माल बातमीदाराचा आहे.

त्याचा मित्र आणि 'गुड ओमेन्स'चा सहलेखक नील गेमन यानं २०१४ मध्ये लिहिलं होतं की टेरीला लोक गमत्या म्हातारबाबा समजतात पण त्याच्या लिखाणाचं इंजिन राग आहे. मला हे शंभर टक्के पटतं, फक्त त्यात एक भर घालावीशी वाटते की तो राग कधी आरडाओरडा करत नाही, हिशेब मांडून दाखवतो. आणि "साहित्य की नाही" या वादाचं त्यानंच उत्तर देऊन ठेवलंय: १९९८ मध्ये 'साहित्यसेवेबद्दल' ओबीई ही ब्रिटिश सरकारी पदवी मिळाली तेव्हा तो म्हणाला, मी साहित्य लिहायच्या फंदात पडलो नाही हीच माझी साहित्यसेवा असावी.

व्हॉट्सॲपवर एक 'बुटांची थिअरी' फिरतेय, गरीब माणसाला बूट महाग का पडतात अशी. खाली टेरी प्रॅचेटचं नाव आहे. खरंच त्याचीच आहे की असंच कुणीतरी चिकटवलंय? (अकाउंट्समध्ये नोकरी, पिंपरी)

खरंच त्याचीच आहे. 'मेन ॲट आर्म्स' या १९९३ च्या कादंबरीत, त्याच पोलीस चौकीच्या दारुड्या कॅप्टनच्या, सॅम व्हाइम्सच्या, डोक्यात हे येतं. तुम्ही अकाउंट्सवाले आहात तर आकडेच देते. व्हाइम्सचा पगार महिना ३८ डॉलर अधिक भत्ते. चांगल्या चामड्याचे बूट ५० डॉलरना. ते त्याला एकरकमी कधीच परवडत नाहीत, म्हणून तो १० डॉलरवाले घेतो, ते एक-दोन पावसाळे बरे चालतात आणि मग तळवा फाटून आत पुठ्ठा भरायची वेळ येते. ज्याच्याकडे ५० डॉलर होते त्याचे बूट दहा वर्षांनीही कोरडे, आणि ज्याच्याकडे नव्हते त्याचे तेवढ्या काळात १०० डॉलर गेले आणि पाय ओलेच. दर जूनला फुटपाथवरनं पावसाळी चप्पल घेऊन ऑगस्टात अंगठा तुटलेली बघणाऱ्या कुणालाही यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पण फॉरवर्डमध्ये जे येत नाही ते मला जास्त आवडतं. एक म्हणजे, हा विचार व्हाइम्सला येतो तेव्हा त्याचं शहरातल्या सगळ्यात श्रीमंत बाईशी, लेडी सिबिलशी, लग्न ठरलेलं असतं, आणि तिच्याकडे वावरताना त्याच्या लक्षात येतं की या लोकांचा खर्च आपल्यापेक्षा कमीच आहे, कारण सगळ्या वस्तू पणजोबांच्या काळातल्या आणि अजून धडधाकट. आणि दुसरं, त्याला ते पातळ तळव्यांचे बूट आवडतातही. धुक्याच्या रात्री काही दिसत नसलं तरी पायाखालच्या दगडांवरून त्याला कळतं आपण कुठल्या गल्लीत आहोत. पन्नास डॉलरच्या बुटात ते कळलं नसतं. गरिबीचा हिशेब मांडता मांडता असं एक वाक्य मध्येच टाकून जायचं, हे फक्त चांगल्या कादंबरीकारालाच जमतं, अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते येणार नाही.

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये जॅक मनरो या लेखिका-कार्यकर्तीनं मुद्दा काढला की सरकारी महागाईच्या सरासरीत सगळ्यात स्वस्त तांदूळ-पास्त्याची खरी भाववाढ दिसतच नाही, आणि त्यासाठी वेगळा निर्देशांक करायचं ठरवलं. त्याला नाव दिलं व्हाइम्स बूट्स इंडेक्स, प्रॅचेटच्या घरच्यांच्या परवानगीनं.

डिस्कवर्ल्ड म्हणजे कासव, त्याच्यावर चार हत्ती, त्यांच्यावर जग. ही तर सरळसरळ आपली कल्पना उचलली की! कुठं श्रेय दिलंय का? (डोंबिवली)

अहो, कासवाच्या पाठीवर जग ही कल्पना आपल्या एकट्याची नाही, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथांतही ती आहे. हत्ती मात्र आपले, मान्य. आपल्या पुराणांत मंदार पर्वताखाली कूर्म आहे, पृथ्वी डोक्यावर घेतलेला शेष आहे, आठ दिशांना आठ दिग्गज आहेत. पण कासवावर हत्ती आणि हत्तीवर पृथ्वी अशी जी उतरंड आहे ती युरोपात 'हिंदूंची समजूत' म्हणून तीनशे-चारशे वर्षं फिरतेय, सतराव्या शतकात इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकनंही तिचा दाखला दिलाय. प्रॅचेटपर्यंत आली ती या फिरत्या ऐकीव गोष्टीतून. म्हणजे आपल्या घरचीच वस्तू पण तिकडच्या बाजारातून घेतलेली, त्याला मी तरी चोरी म्हणणार नाही.

मला गंमत वाटते ती त्यानं पुढं काय केलं त्याची. तो ही कल्पना अक्षरशः खरी धरतो आणि मग इंजिनिअरसारखे प्रश्न विचारतो. सूर्य एवढासा आणि या जगाभोवती फिरणारा, मग मध्ये हत्तीचा पाय आला तर? तर हत्तीला मधूनमधून पाय उचलून सूर्याला वाट द्यावी लागते. कासव कुठं चाललंय? नर आहे की मादी? कारण विद्वानांचा एक गट म्हणतो की सगळी विश्वकासवं मीलनासाठी एका जागी चालली आहेत, आणि या सिद्धांताला ते बिग बँग म्हणतात. कासवाचं लिंग काय ते बघायला एक देश जगाच्या कडेवरून खाली यानसुद्धा सोडायला निघतो! कासवाचं नाव ग्रेट अटुइन, आणि ते काही अवतार वगैरे नाही, आपलं पोहतंय बिचारं.

त्याच्या कासवप्रेमाची नोंद विज्ञानानंही घेतलीय, न्यूझीलंडमधल्या काही कोटी वर्षांपूर्वीच्या एका समुद्री कासवाच्या जीवाश्माला १९९५ मध्ये 'सेफोफोरस टेरीप्रॅचेटी' असं नाव दिलं गेलं.

तक्रारच करायची तर मी दुसऱ्या पुस्तकाची करेन. 'इंटरेस्टिंग टाइम्स'मध्ये (१९९४) त्यानं चीन-जपानची मिसळ करून एक साम्राज्य रचलंय आणि त्यातले काही विनोद लंडनमध्ये बसून पूर्वेकडे बघणाऱ्या माणसाचे आहेत, आज वाचताना टोचतात. एरवी इतक्या बारीक नजरेचा माणूस तिथं ऐकीव मालावर भागवतो.

माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया आहे, घरी मीच बघते. प्रॅचेटला अल्झायमर झाल्यावरही तो पुस्तकं लिहीत राहिला असं वाचलं, हे कसं शक्य झालं? आणि मरणाबद्दल त्यानं जी भूमिका घेतली ती नक्की काय होती? (कोल्हापूर)

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, त्याची तुमच्या सासऱ्यांशी तुलना करू नका आणि कुणी केली तर मनावर घेऊ नका. डिसेंबर २००७ मध्ये त्यानं जे जाहीर केलं तो अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार होता, पोस्टेरिअर कॉर्टिकल ॲट्रॉफी. यात मेंदूचा मागचा भाग आधी खराब होतो, म्हणजे डोळे ठीक असूनही समोरची वस्तू नीट कळत नाही, कीबोर्डवरची अक्षरं सापडत नाहीत, पण बोलणं आणि विचार बराच काळ शाबूत राहतात. म्हणून टायपिंग गेलं तरी तो सांगत राहिला, कधी त्याचा सहाय्यक रॉब विल्किन्सला, कधी बोललेलं टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरला. निदानानंतर त्याची आणखी बरीच पुस्तकं आली. सगळी सारखी नाहीत हेही खरं, 'रेझिंग स्टीम' (२०१३) वाचताना जाणवतं की पात्रं आता बोलत नाहीत, भाषणं करतात. पण 'आय शॅल वेअर मिडनाइट' आणि 'स्नफ' त्याच काळातली आहेत, आणि चांगली आहेत.

आजार लपवला नाही त्यानं, उलट त्यावरही चिडला. या रोगावरच्या संशोधनाला पैसा किती थोडा मिळतो ते बघून मार्च २००८ मध्ये स्वतःचे दहा लाख डॉलर दिले.

मरणाबद्दल म्हणाल तर त्याचं म्हणणं असं होतं की असाध्य आजार असलेल्या, शुद्धीत असलेल्या माणसाला स्वतःच्या मरणाची वेळ ठरवता यावी, आणि कुणावर दबाव नाही ना हे बघायला एक तटस्थ मंडळ असावं. २०१० मध्ये बीबीसीवरच्या डिंबलबी व्याख्यानात त्यानं हे मांडलं, लांब मजकूर स्वतः वाचणं जमत नव्हतं म्हणून अभिनेता टोनी रॉबिन्सननं वाचून दाखवलं, हा शेजारी बसून होता. २०११ मध्ये त्याची 'चूझिंग टू डाय' ही डॉक्युमेंटरी आली, त्यात तो स्वित्झर्लंडला जाऊन, मदत घेऊन मरण पत्करणाऱ्या एका माणसाच्या शेवटच्या क्षणी तिथं बसलेला दिसतो. घरातले सगळे झोपल्यावर एकटीनं बघू नका एवढंच सांगेन. त्यानं स्वतः मात्र तो मार्ग घेतला नाही, १२ मार्च २०१५ ला विल्टशायरमधल्या आपल्या घरी, माणसांत, पलंगावर मांजर झोपलेलं असताना गेला.

त्याच २०११ च्या मार्चमध्ये आपल्याकडे केईएममधल्या अरुणा शानबागच्या दयामरणाच्या खटल्याचा निकाल लागला होता, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विल मान्य केलं. म्हणजे सुधारणेची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं, दोन साक्षीदार लागतात आणि २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. मात्र लिहिणारा माणूस त्या वेळी समजून-उमजून निर्णय घेण्याच्या स्थितीत हवा, त्यामुळे सासऱ्यांच्या बाबतीत हे अजून शक्य आहे का ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि तुमच्या मदतीला आठवड्यातून एक दिवस तरी कुणीतरी येऊ दे, घरात तसं स्पष्ट बोला.

त्याची अपुरी राहिलेली पुस्तकं रोडरोलरखाली चिरडली असं वाचलं. हा वाचकांवर अन्याय नाही का? (लातूर)

चिरडली, आणि त्याच्याच इच्छेनं. २५ ऑगस्ट २०१७ ला ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर नावाच्या जत्रेत, 'लॉर्ड जेरिको' नावाच्या जुन्या वाफेच्या रोलरखाली त्याची हार्ड डिस्क ठेवली. रोलर अनेकदा फिरला तरी ती पुरती फुटेना, शेवटी दगड फोडायच्या क्रशरमध्ये घालावी लागली! आत दहापर्यंत अपुऱ्या कादंबऱ्या होत्या असं म्हणतात.

मला हे बरोबर वाटतं. हा माणूस परत परत लिहिणारा होता, कच्चा खर्डा म्हणजे त्याच्या दृष्टीनं पुस्तकच नव्हे. नाहीतर पुढची वीस वर्षं "प्रॅचेट यांच्या टिपणांवरून" असं छापून दुसऱ्याच कुणाची पुस्तकं विकत बसले असते. मुलगी ऱ्हिआना स्वतः लेखिका आहे, व्हिडिओ गेम्स लिहिते, तिनंही सांगून टाकलं की 'द शेफर्ड्स क्राउन' (२०१५) हे शेवटचं, मी पुढं लिहिणार नाही आणि कुणाला लिहूही देणार नाही.

अगदीच उपाशी वाटत असेल तर २०२३ मध्ये 'अ स्ट्रोक ऑफ द पेन' आलंय. सत्तर-ऐंशीच्या दशकात त्यानं पॅट्रिक कर्न्स अशा टोपणनावानं पेपरांत गोष्टी लिहिल्या होत्या, त्या फॅन मंडळींनी जुन्या फायली चाळून शोधल्या. त्या त्यानं स्वतः पूर्ण करून छापायला दिलेल्या होत्या, त्यामुळे अपराधी वाटायचं कारण नाही. ठीकठाक आहेत, चुटकुल्यांसारख्या.

आमच्या टीममधल्या सीनियरनं सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'जीएनयू टेरी प्रॅचेट' असं एक हेडर टाकलंय. काढू का विचारलं तर म्हणाला हात लावू नकोस. हा काय प्रकार आहे? (हिंजवडी)

सीनियर बरोबर आहे, हात लावू नकोस, त्यानं काही बिघडत नाही.

'गोइंग पोस्टल' (२००४) या कादंबरीत क्लॅक्स म्हणून मनोऱ्यांची रांग आहे, एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर झडपा उघडझाप करून संदेश जातात, म्हणजे टेलिग्राफच. धंदा ज्यांनी उभा केला त्यांच्याकडून पैसेवाल्यांनी तो लुबाडलाय, देखभालीचा खर्च वाचवतायत, आणि मनोऱ्यांवर काम करणारी पोरं मरतायत. (पुन्हा तेच बघ, जादूच्या गोष्टीत अख्खं कंपनी टेकओव्हर.) मेलेल्या पोरांची नावं त्यांचे सोबती ओळीवर सोडून देतात, पुढं जी, एन, यू ही तीन अक्षरं लावून. जी म्हणजे संदेश पुढं पाठव, एन म्हणजे नोंद करू नको, यू म्हणजे ओळ संपली की उलट फिरव. त्यामुळे ते नाव कुठल्याच वहीत न येता मागं-पुढं फिरत राहतं. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या प्रोग्रामर लोकांनी 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' नावाचं हेडर करून त्यात त्याचं नाव टाकायला सुरुवात केली. पान उघडणाऱ्याला दिसत नाही, पण सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराबरोबर जातं. कादंबरी वाच आता, सीनियर देईल.

मुलगी अकरा वर्षांची आहे, इंग्लिश मीडियम. तिला प्रॅचेट झेपेल का? मोठ्यांचा विनोद असतो म्हणतात. (ठाणे)

'द वी फ्री मेन' द्या, डोळे झाकून. टिफनी एकिंग, वय वर्षं नऊ, मेंढपाळाची नात. नदीतून एक राक्षसीण वर येते, तिचे डोळे म्हणे सूपच्या बशीएवढे. टिफनी घरी येऊन पुस्तकात बघते, मग स्वयंपाकघरात जाऊन खरोखर बशी मोजते, आठ इंच. मग धाकट्या भावाला गोळ्यांच्या पिशवीचं आमिष दाखवून नदीकाठी बसवते आणि राक्षसीण आली की तिच्या डोक्यात तवा घालते. भावाला आमिष म्हणून वापरलं याबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल, तुमच्या मुलीला नसेल.

त्यात एक गंभीर धागाही आहे. गावातल्या एका एकट्या म्हातारीला लोकांनी चेटकीण ठरवून घरातून काढलं आणि ती थंडीत मेली, तिच्याकडे ना जादूची भट्टी ना काही, होतं फक्त एक म्हातारं मांजर. टिफनी ठरवते की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी चेटकीण आपणच व्हायचं. आपल्याकडे सातपुड्यात अजून बायकांना डाकीण म्हणून छळतात, मुलीनं विचारलं तर तेही सांगा.

त्यातल्या निळ्या बुटक्यांची स्कॉटिश बोली तिला आधी अडेल, मोठ्यानं वाचायला सांगा म्हणजे सुटेल. आवडलं तर मग 'द अमेझिंग मॉरिस', ज्याला मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी मेडल मिळालं, त्यात उंदरांचं प्रकरण जरा भीतीदायक आहे.

आम्ही स्लाउला राहतो, मुलगा प्रॅचेटचा वेडा आहे. कारनं जाऊन बघण्यासारखं काही आहे का? आणि त्यानं स्वतःची तलवार खरंच स्वतः घडवली होती का? (इंग्लंडहून)

बीकन्सफील्ड तर तुमच्या अगदी बाजूलाच की, ते वाचनालयाचं गाव. लांब जायचं असेल तर सॉमरसेटमधलं विन्कॅन्टन. या गावानं २००२ मध्ये अँख-मॉरपॉर्कशी, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या शहराशी, जुळ्या गावाचं नातं जोडलं, आणि नंतर तिथल्या नव्या वसाहतीतल्या रस्त्यांना पीच पाय स्ट्रीट, ट्रीकल माइन रोड अशी पुस्तकातली नावं दिली. मुलाला पाटीखाली उभं करून फोटो काढा, त्याचा दिवस होईल.

तलवारीचं खरं आहे. २००९ मध्ये 'सर' हा किताब मिळाल्यावर त्याला वाटलं सरदाराकडं तलवार पाहिजे. घराजवळच्या शेतातून ८१ किलो लोहखनिज खणलं, मातीची भट्टी रचली, ओळखीच्या माणसांच्या मदतीनं लोखंड गाळलं आणि त्यात उल्केचे तुकडेही टाकले, मग लोहारानं आकार दिला. पण हत्यार म्हणून अधिकाऱ्यांनी हरकत घेऊ नये यासाठी त्यानं ती लपवून ठेवली होती, त्यामुळे तलवार बघायच्या आशेनं त्याच्या ब्रॉड चॉक गावात लोकांची दारं वाजवू नका. आसपासच्या खडूच्या टेकड्यांवर चालायला जा, टिफनीचा मुलूख तोच आहे. सोबत सँडविच आणि छत्री घ्या.